धाम नदीची नाली करू नका

पवनारला येणारे लोक आश्रमाच्या पायऱ्यांवरून नदीतली गांधीजींची छत्री आणि खडकांतून वाहणारं पाणी पाहतात. आमचं घर ढिवराचं. आम्ही त्याच पाण्यात कोण कुठं राहतो ते पाहतो.

खडकांच्या धारेत, दगडांच्या कपारीत वाम असते. मरळीला गवताळ, संथ काठ लागतो; तिथंच ती अंडी घालते आणि नर-मादी पिल्लांची राखण करतात. रोहू, मृगळ पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी सोडतात. कितीतरी बारीक मासे पहिल्या पावसाबरोबर नाल्यांत चढतात. वैशाखात धार तुटली की उरलेल्या साऱ्यांचा जीव डोहात. मरळीचं साल वाईट गेलं की बाबा खडकाकडं वळायचे, आणि आईची टोपली वर्ध्याच्या बाजारात रिकामी जात नसे. आमचं पोट एका माशावर कधीच नव्हतं.

अलास्कातल्या ब्रिस्टल उपसागराच्या सॉकाय सॅमन माशांबद्दल शास्त्रज्ञांनी २०१० साली हेच आकड्यांत मांडलं. तिथं वेगवेगळ्या ओढ्या-तळ्यांत वाढणारे या माशांचे शेकडो समूह आहेत. तो सगळा एकच समूह असता, तर दरवर्षीचा चढउतार दुपटीहून जास्त झाला असता आणि मासेमारी बंद ठेवायची पाळी दहापट वेळा आली असती.

आपल्याकडं मात्र नदी सुधारायची म्हटलं की पोकलॅन उतरतो. पात्र सरळ, तळ सपाट, काठ तासलेले. पाणी दिसतं, पण मरळीचं गवत गेलेलं असतं, वामीची कपार गेलेली असते, आणि डोह पुरातल्या गाळानं भरून येतो. गाळ काढायला, जलपर्णी उपसायला माझा विरोध नाही. गणपती विसर्जनानंतरचा कचरा तर लगेच निघायलाच हवा. पण सगळी नदी एकसारखी खोल करणं म्हणजे माशांच्या साऱ्या वाटा एकदम बंद करणं. वर महाकाळीला धरण असल्यानं धामचं वाहणं आधीच माणसाच्या हातात आहे. निदान पात्र तरी तिचं तिला राहू द्या.

माझी मागणी साधी आहे. यंत्र उतरवण्याआधी उन्हाळ्यात काठच्या ढिवरांना सोबत घेऊन नदी चाला. डोह, खडक, गवताळ काठ आणि नाल्यांची तोंडं नकाशावर मांडा, ग्रामसभेत तो नकाशा वाचून दाखवा, आणि त्या जागांना हात लावू नका.