विश्लेषण : स्वमग्नतेला कायद्याचा आधार; एडीएचडीचे काय?

नागपूरच्या धंतोलीत गल्लोगल्ली दवाखाने आहेत. विदर्भातूनच नव्हे, तर शेजारच्या छिंदवाडा, बालाघाटहूनही पालक मुलांना घेऊन येथे येतात. समजा, एकाच दिवशी दोन मुलांचे निदान झाले. एकाला स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, दुसऱ्याला एडीएचडी. शाळेतल्या अडचणी आणि उपचारांचा खर्च दोघांनाही आहे. मात्र, कायद्यापुढे दोघांची स्थिती सारखी नाही.

नेमका फरक काय?

स्वमग्नतेत इतरांशी संवाद साधण्याची रीत वेगळी असते. ठरलेला क्रम बदलला किंवा गोंगाट वाढला, तर अनेकांना असह्य होते. एडीएचडीमध्ये लक्ष टिकवणे, एका जागी बसणे, स्वतःला आवरणे कठीण जाते. दोन्हींचा संबंध मेंदूच्या वाढीशी आहे, पालकांच्या लाडाशी नाही. एकाच मुलात दोन्ही असू शकतात. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेने २०१३ पर्यंत ही दोन्ही निदाने एकत्र करण्यास मनाई केली होती. त्यामुळे जुने निदान अपुरे असू शकते.

कायदा काय सांगतो?

१९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात ७ प्रकार होते. त्यात स्वमग्नता नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ने ही यादी २१ प्रकारांपर्यंत नेली. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आली. प्रमाण ४० टक्के किंवा अधिक असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, तसेच सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणात वाटा मिळतो. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातही स्वमग्नता आहे. त्यातील ‘निरामय’ योजना १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा देते आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे.

एडीएचडीचे नाव मात्र २१ प्रकारांत नाही. विसंगती अशी, की सरकारच्याच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतील मुलांची एडीएचडीसाठीही तपासणी होते. म्हणजे आरोग्य खाते जे शोधते, ते दिव्यांगत्वाच्या यादीत सापडत नाही.

पालकांनी काय करावे?

* खासगी डॉक्टरांचा अहवाल म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र नव्हे. ते शासनाने नेमलेले वैद्यकीय प्राधिकारीच देतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करता येतो.
* एडीएचडी असलेल्या अनेक मुलांना अध्ययन अक्षमताही असते. ती यादीत असल्याने तिची स्वतंत्र चाचणी करून घ्यावी.
* स्वमग्न मूल १८ वर्षांचे झाल्यावर, गरज असल्यास, कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा.

शाळा काय करू शकते?

पुढच्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, वेळापत्रकातील बदलाची आधी कल्पना आणि मध्ये थोडे फिरून येण्याची मुभा. यासाठी प्रमाणपत्र लागत नाही आणि फारसा खर्चही येत नाही.

पुढे काय?

२१ प्रकारांची यादी बंदिस्त नाही. अधिसूचना काढून तिच्यात भर घालण्याचा अधिकार कायद्यानेच केंद्र सरकारला दिला आहे. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. तोपर्यंत एडीएचडी असलेल्या मुलाला सवलत मिळणे बऱ्याच अंशी त्याच्या मुख्याध्यापकांच्या समजूतदारपणावर अवलंबून राहील.