लाल दिवा मिक्सरला आहे, कानाला नाही

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात एक मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. वय २६. गेली आठ वर्षे वराती आणि मिरवणुकांत डीजे वाजवतो. तक्रार आईची होती. "डॉक्टर, याला हाक मारली तर ऐकू येत नाही. टीव्ही एवढा मोठा लावतो की शेजारी सांगायला येतात." मुलगा म्हणाला, "तसं काही नाही डॉक्टर, फक्त रात्री झोपताना कानात शिट्टी वाजते." मी कान पाहिले. मळ नव्हता, पडदे शाबूत होते. त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. तो ऑडिओग्राम घेऊन परत आला तेव्हा दोन्ही कानांच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खोल खड्डा होता. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ही नेहमीची खूण.

आपल्या प्रत्येक कानाच्या आतल्या शंखात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाची थरथर त्या मेंदूपर्यंत पोहोचवतात. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात. वरातीतून घरी आल्यावर कान बधिर वाटतो, तो हाच थकवा. सकाळपर्यंत बरे वाटते आणि आपण विसरतो. पण पुन्हा पुन्हा तेच झाले तर त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून 'स', 'श', 'फ' ही अक्षरे निसटू लागतात. माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही."

या मुलाने मला आग्रहाने त्याच्या गोडाऊनवर नेले आणि मिक्सर दाखवला. पायोनियरचा डीजेएम-९०० नेक्सस २, २०१६ साली बाजारात आलेला, याने सेकंडहँड घेतलेला. चार चॅनेल, प्रत्येकाला वेगळा फेडर, वर ट्रिमचे बटण, त्याखाली हाय, मिड, लो अशी तीन बटणे. डीजे म्हणजे आवाज वाढवायचे यंत्र अशीच माझी समजूत होती. ती चुकीची निघाली.

हाय, मिड, लो या बटणांनी आवाज ६ डेसिबल वाढवता येतो, पण २६ डेसिबल कमी करता येतो. म्हणजे वाढवण्यापेक्षा कमी करण्याची सोय कितीतरी जास्त! सगळ्यांचा आवाज ठरवणारे मास्टरचे बटण वेगळे, आणि वाजवणाऱ्याच्या कानाशी असलेल्या स्पीकरसाठी बूथचे बटण वेगळे. बाहेर कितीही वाजत असले तरी डीजेला आपला स्पीकर कमी ठेवता येतो. हेडफोनमध्ये स्प्लिटची सोय आहे : एका कानात पुढचे गाणे, दुसऱ्या कानात चालू गाणे. दोन्ही कान झाकून, कमी आवाजात गाणी जुळवता येतात. सेटिंगमध्ये लिमिटर आहे. मी विचारले, "यातलं काय वापरतोस?" तो हसला. बूथ पूर्ण वर, स्प्लिट कधी लावलेला नाही, हाय नेहमी उजवीकडे.

हाय उजवीकडे का? कारण वरचा आवाज त्याला पुरेसा ऐकूच येत नाही. त्याला गाणे भरीव वाटावे म्हणून तो टॉप वाढवतो, आणि तो वाढलेला आवाज भिंतीसमोर नाचणाऱ्या पोरांच्या कानात जातो. ज्याचे कान गेले तोच सगळ्या गावाचा आवाज ठरवतो आहे. या घोटाळ्याकडे कोणाचे लक्ष नाही, म्हणून आजचा हा लेख.

आता लाल दिव्याबद्दल. मिक्सरवर हिरवे, नारिंगी आणि लाल दिवे असतात. मंडळाच्या पोरांना वाटते, लाल लागला म्हणजे जोर आला. डीजेला वाटते, लाल लागला नाही म्हणजे सगळे ठीक. दोघेही चुकतात. लाल दिवा एवढेच सांगतो की यंत्रातला सिग्नल फाटायच्या बेतात आहे. पुढे अँप्लिफायर किती, बॉक्स किती, माणसे किती फुटांवर, हे मिक्सरला माहीतच नसते. लिमिटरही सिग्नल फाटू देत नाही, पण समोरच्या कानाची काळजी घेत नाही. हा मिक्सर आवाजाचे सेकंदाला ९६ हजार नमुने घेतो. माणसाच्या कानापाशी एकदाही कोणी मोजत नाही.

मोजले तर हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबल आवाज आठ तास सहन होतो. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते : ८८ला चार तास, ९१ला दोन, १००ला फक्त पाव तास. मिरवणूक चालते पाच-सहा तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांसाठी पाव तासाच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा सांगितली, ती काही उगाच नाही. आपल्याकडचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम तर निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल म्हणतात.

'डीजे बंद करा' ही घोषणा माझी नाही. तरुणपणी मीही ताशासमोर नाचलो आहे, आणि ताशाही कानाला काही मऊ नसतो. या मुलाच्या घरची चूल त्या मिक्सरवर पेटते. माझे म्हणणे वेगळे आहे. आपण सुपारी देताना विचारतो, "बेस किती? टॉप किती?" कमी करायच्या ज्या सोयी यंत्रातच आहेत, त्या विचारत नाही. सुपारी देणाऱ्याने यापुढे या गोष्टी ठरवून घ्याव्यात :

१) लाल दिवा लागू द्यायचा नाही, हाय-लो मध्यावर ठेवायचे.

२) निघण्यापूर्वी नाचणाऱ्यांच्या जागी आवाज मोजून अँप्लिफायरचे गेन बसवायचे आणि मग त्यांना हात लावायचा नाही. मोबाईलवरचे अ‍ॅप अचूक नसले तरी अंदाज देते.

३) डीजेने बूथ कमी ठेवायचा, स्प्लिट वापरायचा आणि कानात इअरप्लग घालायचे. कापसाच्या बोळ्याने भागत नाही.

४) तान्ही मुले, गरोदर बायका आणि म्हातारी माणसे यांना बॉक्सच्या भिंतीसमोर उभे करायचे नाही. उघड्यावर अंतर दुप्पट केले की एका बॉक्सचा आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो. भिंत मोठी असेल तर आणखी लांब राहा.

आणि एक सूचना. एकाएकी एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर 'उद्या बघू' म्हणू नका. त्याच दिवशी तज्ज्ञ गाठा. पहिल्या काही दिवसांतच उपचाराचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.

या मुलाला मी सांगितले, "गेले ते परत येणार नाही, राहिले ते सांभाळ." त्याने बूथचे बटण माझ्यासमोर खाली आणले. पुढच्या लग्नसराईत ते तिथेच राहते का, हे त्याच्यापेक्षा सुपारी देणाऱ्या आपल्यावर जास्त अवलंबून आहे.