‘ऑक्टोबर ते मार्च’ नावाची थाप

भारतातल्या कुठल्याही ठिकाणाचं नाव घ्या आणि ‘तिकडे जायला चांगला काळ कोणता?’ असं गुगलबाबाला विचारा. उत्तर ठरलेलं आहे. जयपूर? ऑक्टोबर ते मार्च. हंपी? ऑक्टोबर ते मार्च. वेरूळ-अजिंठा? ऑक्टोबर ते मार्च. परभणी? (परभणीला फिरायला कोण जातं, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.) तरी तेच. एवढा मोठा देश, आणि सगळ्याला एकच उत्तर! कोडमध्ये कुणी असं एकच मूल्य सगळीकडे ठोकून दिलं, तर रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी निघतात.

माझं गाव बोरी. तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. परभणी-जिंतूर रस्त्यावर आहे. पर्यटनाच्या नकाशावर नाही आणि गावाची त्याबद्दल काही तक्रारही नाही. पण पुण्यात नोकरीला लागल्यापासून ‘तुझ्या गावाला कधी यायचं रे?’ हा प्रश्न वर्षातून दोन-चारदा येतोच. गंमत म्हणजे विचारणाराच उत्तर देऊन टाकतो, ‘डिसेंबरात येऊ, हुरड्याला.’ या ‘डिसेंबरात येऊ’शी मला आज भांडायचं आहे.

आधी त्या उत्तराची दोन टोकं तपासू. पहिलं टोक ऑक्टोबर. परतीचा पाऊस मराठवाड्यातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जातो, पण तो वेळापत्रक पाळेलच असं नाही. २०१९ आणि २०२० चे ऑक्टोबर आठवा. सोयाबीन कापून शेतात पडलेलं आणि वरून धो धो पाऊस. शेंगांना जागेवर कोंब फुटले. आणि पाऊस नसेल तर आपली नेहमीची ‘ऑक्टोबर हीट’ आहेच. दुसरं टोक मार्च. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात जी गारपीट झाली, तिच्यात गहू, हरभरा, ज्वारी असं काढणीला आलेलं सगळं आडवं झालं. म्हणजे ज्याला आपण ‘चांगला काळ’ म्हणतो, त्याच्या दोन्ही टोकांना शेतकऱ्याचं एकेक पीक टांगलेलं असतं. मधले दिवस छान असतात, मान्य. पण तेही सरसकट नाही. डिसेंबर २०१८ मध्ये परभणीचा पारा तीन अंशांच्या आसपास उतरला होता. महाबळेश्वरला जाताना जाकीट घेणारी मंडळी आमच्याकडे टीशर्टात येतात आणि मग शेकोटी सोडत नाहीत :-)

आमच्याकडच्या शेतकऱ्याचं कॅलेंडर बघा. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. नुसत्या पावसाचीच नऊ नक्षत्रं, प्रत्येक साधारण तेरा-चौदा दिवसांचं. मृगाचा पाऊस वेगळा, हस्ताचा वेगळा, आणि कुठल्यात काय पेरायचं, काय टाळायचं हेही वेगळं. नक्षत्रांवरून पाऊस सांगता येतो असं माझं म्हणणं नाही. मुद्दा बारकाव्याचा आहे. त्यांच्या वर्षाचे तुकडे सत्तावीस आणि आपल्या वर्षाचे दोन: ‘जाण्यासारखे महिने’ आणि ‘न जाण्यासारखे महिने’. शिकलेलं कोण म्हणायचं?

बरं, शेती सोडा. निव्वळ फिरायलासुद्धा हे उत्तर तोकडं आहे. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर आहेत आणि त्या घळीच्या तोंडाशी धबधबा आहे. डिसेंबरात गेलात तर तिथे बहुतेक कोरडा कडाच दिसतो. तो बघायचा तर ऑगस्ट-सप्टेंबर. शिवाय ही लेणी होती कशासाठी? एरवी फिरत राहणारे बौद्ध भिक्खू पावसाळ्याचे महिने एका जागी काढत, त्याला वर्षावास म्हणतात. म्हणजे अजिंठ्याचा मूळ ‘सीझन’च पावसाळा होता!

लोणारचं घ्या. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि जगभर बातम्या झाल्या. पाणी कमी झालं, खारटपणा वाढला आणि हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं. उन्हाळा संपता संपता, ‘न जाण्यासारख्या’ महिन्यात. उजनीच्या फुगवट्यात बुडालेलं पळसदेवचं मंदिर बघायचं असेल, तर पाणी उतरावं लागतं, म्हणजे पुन्हा उन्हाळाच.

हे फक्त आपल्याकडचं नाही. उष्ण कटिबंधात कुठेही जा. ब्राझीलमध्ये मनाउस शहराजवळ रिओ नेग्रो नदी दरवर्षी साधारण दहा मीटरनं चढते आणि उतरते. जूनच्या सुमारास होडीतून झाडांच्या शेंड्यांमधून फिरायचं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच जागी वाळूवर पायी चालायचं. आता यातला ‘बेस्ट सीझन’ कुठला? प्रश्नच चुकीचा आहे. काय बघायला जाताय, हे आधी सांगा.

मग हे सरसकट उत्तर आलं कुठून? इंग्रजांच्या काळात जिल्ह्याचे साहेब थंडीच्या दिवसांत तंबू-सामान घेऊन दौऱ्यावर निघायचे. उन्हाळ्यात थंड हवेचं ठिकाण, पावसाळ्यात बंगला. साहेब गेला, दौऱ्याचा हंगाम राहिला. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात होतं. बहुतेक वेळा कधी? डिसेंबरात. २०१८ साली अपवाद म्हणून तिथे पावसाळी अधिवेशन घेतलं, तर ६ जुलैला पाणी थेट विधानभवनात शिरलं, वीज बंद पडली आणि कामकाज थांबलं. नागपूरचं पाणी कसं तुंबतं, हे फायली वाचून कळत नव्हतं ते एका सकाळीत कळलं. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्यानं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि केंद्राचं पथक डिसेंबरच्या सुरुवातीला पाहणीला आलं. हवा छान होती. खरी झळ पुढच्या एप्रिल-मेमध्ये लागायची होती.

साहेबांना आणि सरकारला हसणं सोपं आहे. आपलं काय? आपल्याला रजा डिसेंबरात का मिळते? कारण क्लायंट ख्रिसमसच्या सुट्टीवर असतो. म्हणजे मराठवाडा आपल्याला कुठल्या रूपात दिसावा, हे न्यू जर्सीतल्या कुणाच्या तरी सुट्टीवरून ठरतं. बाकी उरते दिवाळी. तेव्हा घराघरात फराळ, नवे कपडे, आणि पीक साधलं असेल तर हातात चार पैसे.

रॉबर्ट चेंबर्स नावाच्या ब्रिटिश अभ्यासकानं १९८३ साली ‘रूरल डेव्हलपमेंट: पुटिंग द लास्ट फर्स्ट’ या पुस्तकात याच दुखण्यावर बोट ठेवलं. खेड्यांचा अभ्यास करणारे, योजना आखणारे, मदत देणारे असे सगळे बाहेरचे लोक डांबरी रस्त्याच्या कडेची गावं बघतात आणि कोरड्या, सुखाच्या हंगामात येतात. पावसाळ्यात धान्य संपत आलेलं असतं, काम सगळ्यात जास्त असतं, आजार वाढलेले असतात आणि रस्ते बंद असतात. नेमकं तेव्हाच बघायला कुणी नसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर रविवारी पहाटे तीनला तपासायचा आणि ‘सिस्टीम एकदम झकास’ असा रिपोर्ट द्यायचा. लोड टेस्ट कुणी करायचीच नाही.

बोरी परिसरातला लोड कधी असतो, सांगतो. एक, जूनचा शेवट ते जुलै. पेरणी झालेली, पावसानं दडी मारलेली, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: दुबार पेरणी. बियाण्याची पिशवी पुन्हा आणायची, कृषी सेवा केंद्राची उधारी वाढवायची. पाऊस पडला तर काळ्या मातीत पाणंदीनं ट्रॅक्टरही फसतो, मग आजारी माणसाला बाजेवर उचलून डांबरीपर्यंत आणायचं. डीपी जळाली की अंधार. दोन, एप्रिल-मे. पारा ४२-४३ वर, बोअर आटलेले, बायकांच्या डोक्यावर हंडे, पत्र्याखाली बसवत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, ते याच महिन्यात.

आणि आता डिसेंबरातली सगळ्यात मोठी गोम. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. जिंतूर तालुक्यातल्या तांड्या-वस्त्यांवरून कित्येक कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेली असतात. दिवाळीनंतर जातात, उन्हाळ्यात परततात. म्हणजे तुमचे ‘ऑक्टोबर ते मार्च’ हे नेमके तेच महिने आहेत, जेव्हा भागातली सगळ्यात गरीब घरं कुलूपबंद असतात. हुरडा खाऊन पुण्याला परत आल्यावर आपण म्हणतो, ‘अरे, गावाकडे मस्त आहे सगळं. हे कर्जमाफीचं रडगाणं उगाच.’ मस्त दिसणारच ना! ज्यांचं मस्त नाही, ते तिथे नव्हतेच.

आता आक्षेप. ‘मेमध्ये म्हातारी माणसं आणि लहान पोरं घेऊन यायचं का?’ नाही. दुपारी आमची माणसंही सावली सोडत नाहीत. ‘पुरात यायचं का?’ मुळीच नाही. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला परभणी-हिंगोली-नांदेडात आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जवळपास सगळ्या मराठवाड्यात जे झालं, तेव्हा गावाला मदतीची गरज होती, बघ्यांची नव्हती.

‘मग दुसऱ्याची अडचण बघायला यायचं, हेही एक पर्यटनच की!’ हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच हे मी परक्यांना कमी आणि आपल्यातल्यांना जास्त सांगतोय. परभणी, जालना, बीड, हिंगोलीहून पुण्या-बंगळुरात आलेल्यांना. आपण परके नाही, घरचे आहोत. घराचा पत्रा बदलायचा का, बोअर पाडायचा का, दोन एकर विकायचे का, हे निर्णय आपण दिवाळीत, लाडू खाता खाता घेतो. गळतं छप्पर नोव्हेंबरात गळत नसतं. कोरडा बोअरसुद्धा नोव्हेंबरात बहुतेक भरलेला असतो.

आणि घरच्यांवर विसंबू नका, तेही आपल्याला खरं सांगणार नाहीत. जुलैत फोन करून येतो म्हणालं की आमचे काका म्हणतात, ‘आता कशाला यायलास? लई चिखल हाय. दिवाळीलाच ये.’ यात लबाडी नाही, माया आहे. आलेल्या माणसाला चांगलं तेच दाखवावं, असं प्रत्येक घराला वाटतं. म्हणून तर न सांगता जायचं.

थोडक्यात काय, तर पुढच्या वर्षीच्या रजा टाकताना जुलैतला एक शुक्रवार आणि एक सोमवार आधी टाका. अप्रेझल, रिलीज, क्लायंटचा कॉल, सगळं असणारच आहे. ते डिसेंबरातही असतं. भारी बूट आणू नका, काळी माती ते सोडत नाही, साध्या चपला बऱ्या. सकाळी शेतात जा, खुरपं घ्या, नाही जमलं तर बांधावर बसा. संध्याकाळी दुकानातली उधारी किती झाली ते विचारा आणि जमेल तेवढी भरून या. नंतर हौसेनं या की हुरड्याला, ‘परभणी मोती’ ज्वारी आमच्याच कृषी विद्यापीठानं दिलेली आहे. पण गाव पाहिलं असं म्हणायचं असेल, तर जुलै आणि मे हे दोन महिने पाहिल्याशिवाय म्हणू नका.