गाणं कुणाचं, रात्र कुणाची?



दिवाळी झाली की भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत गावोगावी मंडया भरू लागतात. दिवसा बाजार, पाळणे, पाहुणेरावळे. रात्री दंडार, खडीगंमत, नाहीतर नाटक. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा हंगाम सुरू झालेला असेल, म्हणून या वेळचं संपादकीय गाण्यावर आहे. स्त्रियांच्या हक्कांसाठी काढलेल्या त्रैमासिकात गाणं कशाला, असं काहींना वाटेल. हुंडा, मारहाण, पोटगी, मजुरी हे प्रश्न संपले का? संपलेले नाहीत. पण गावात मोठ्यानं कोण गातं, रात्री घराबाहेर कोण थांबू शकतं आणि माईकवरून कुणाचं नाव घेतलं जातं, हे प्रश्न त्यांच्यापासून वेगळे काढता येत नाहीत.

मी लाखनीची. नागपूर–रायपूर महामार्गावरचं, भंडारा आणि साकोलीच्या मधलं हे गाव. माझी शाळा-कॉलेजची वर्षं २००० नंतरची. रस्त्यावरच्या ढाब्यांवर, पानठेल्यांवर सिनेमाची गाणी दिवसभर वाजायची. लग्नात बँड, पैसेवाल्याच्या लग्नात ऑर्केस्ट्रा. पण यापलीकडे एक दुसरं संगीत होतं. शाळेत ते संगीत म्हणून कुणी शिकवलं नाही आणि त्याला क्लास नव्हता. खडीगंमतीत शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणंवाला उभ्यानंच गायचे. पडदा लागत नसे, दोन शाहिरांचा सवाल-जवाब रंगला की पहाट होत असे. दंडारीत दिवसभर शेतात राबलेली माणसंच नाचत-गात. १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला भीमगीतं आणि कव्वाली. एरवी संध्याकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजनं. आणि वडशाच्या कंपन्यांची झाडीपट्टी नाटकं, ज्यात ऑर्गन-तबल्यावर गाणी समोरच म्हटली जात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या आणि इथल्या लोकरंगभूमीच्या अभ्यासात आयुष्य घातलं, म्हणून यातलं पुष्कळसं कागदावर तरी आलं.

आज माझ्या वयाची माणसं भेटली की या रात्रींच्या आठवणी निघतात. पण त्या रंगवून सांगणारे बहुतेक पुरुष असतात. कुठल्या शाहिरानं कुणाला निरुत्तर केलं, पहाटे कुणाच्या टपरीवर चहा प्यायला, सगळं त्यांच्या तोंडपाठ. तेच बायांना विचारा. त्यांची आठवण मध्यरात्रीपाशी थांबते. बारा वाजले की घरून कुणीतरी न्यायला यायचं. सकाळी पाणी भरायचं, सडा-सारवण, स्वयंपाक. शिवाय 'शोभतं का?' हा प्रश्न होताच. मला स्वतःला कित्येक नाटकांचा शेवट दुसऱ्या दिवशी भावाच्या तोंडून कळला आहे. ही काही फार मोठी तक्रार नव्हे. पण एका अख्ख्या पिढीच्या मुलींनी अर्धीच नाटकं पाहिली, ही गोष्ट गावाच्या इतिहासात नोंदवायला हवी.

रंगमंचावर तर आम्ही नव्हतोच. खडीगंमतीतला नाच्या म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. त्याच्या कलेबद्दल मला आदर आहे; उपजीविकेसाठी त्यानं सोसलेली थट्टाही लहान नाही. तरीही गावाला स्त्रीचं सोंग चालत होतं आणि गावची स्त्री चालत नव्हती, हे खरंच आहे. पुढे नाटकांत नट्या आल्या, पण त्या बहुधा बाहेरगावच्या. त्यांच्या गाण्याला टाळ्या आणि त्यांच्या चारित्र्यावर कुजबुज, दोन्ही एकाच मांडवात. गावातली एखादी मुलगी गॅदरिंगमध्ये सुरेल गायली, तर 'छान गाते' याच्या पुढचं वाक्य 'आता लग्नाचं बघा' असंच असायचं.

मग बाया गात नव्हत्या का? गात होत्या, आणि पुरुषांपेक्षा जास्त गात होत्या. फक्त त्याला कार्यक्रम म्हणत नसत. हा धानाचा मुलूख. पावसाळ्यात रोवणी लागली की चिखलाच्या बांधीत वाकून, पऱ्हे लावत मागे मागे सरकताना बाया गाण्यावरच हात चालवत. त्या गाण्यांत सासू असे, दारू पिणारा नवरा असे, माहेरची वाट असे. समोर बोलता येत नाही ते गाण्यात बोलता येई. पावसाळ्याच्या अखेरीला भुलाबाईची गाणी. विहारात वंदना आणि भीमगीतं. आणि भजन मंडळ. 'भजनाला जाते' हे एकच वाक्य असं होतं, की त्यावर सासरी कुणी वाद घालत नसे. खंजिरी वाजवता वाजवता बाया तास-दोन तास एकत्र बसायच्या, बोलायच्या. पुढे समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी बचत गटांच्या बैठका घेऊ लागले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी दिसलं की गटाची अध्यक्ष आणि भजन मंडळाची पुढारीण एकच आहे. चारचौघांत आवाज काढायची सवय तिला आधीच झालेली होती.

भीमगीतांचं महत्त्व तर आणखी वेगळं. १९५४ साली डॉ. आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. त्याआधी जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित स्त्रियांची मोठी परिषद झाली, तिच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये आलं, तेव्हा या चळवळीतल्या बायांची नावं आणि त्यांचं बोलणं पहिल्यांदा एकत्र वाचायला मिळालं. वामनदादा कर्डकांची गाणी ज्या वस्त्यांत घरोघरी म्हटली गेली, तिथल्या आयाबायांना संविधान, शिक्षण, रमाई, सावित्रीबाई हे शब्द पुस्तकाआधी गाण्यातून भेटले. त्यांच्यासाठी गाणं हीच शाळा होती.

मग २९ सप्टेंबर २००६ हा दिवस आला. आमच्याच जिल्ह्यातल्या, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना ठार मारण्यात आलं : आई, मुलगी आणि दोन मुलगे. नोव्हेंबरमध्ये विदर्भभर निदर्शनं झाली, त्यांत बाया पुढे होत्या. घराघरांत मात्र दुसरंच घडलं. आम्हा मुलींची बारा वाजेपर्यंतची रात्र नऊवर आली. मंडईला जायचं तर सोबत कोण, बसणार कुठे, परत कधी, याची चौकशी वाढली. आईबापांची काळजी खोटी नव्हती. पण खून काही नाटक पाहायला गेलेल्या मुलींनी केले नव्हते, आणि मारली गेलेली माणसं त्यांच्याच गावातली, त्यांच्याच घरातली होती. घर सुरक्षित आणि रात्र धोक्याची, हा हिशेब खैरलांजीनंच खोटा ठरवला. तरी शिक्षा मुलींच्या फिरण्याला झाली. आजही एखादी घटना घडली की पहिला निर्णय हाच होतो.

जुनं ते सगळं सोनं होतं, असं मला म्हणायचं नाही. खडीगंमतीतले कित्येक विनोद बाईच्या अंगावरचे असत. कोण पुढे बसणार आणि कोण मागे, यात जात पाळली जाई. आज डीजे आला म्हणून गळे काढण्यातही अर्थ नाही. रात्री दहानंतरच्या भोंग्यांना कायदा आहे, तो सर्वांना सारखा लावावा. काळाबरोबर चांगलंही झालं आहे. गडचिरोलीचे झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडुबाई खरात मोबाईलमुळे घरोघरी पोचल्या. त्यांना कुणा मंडळाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या पुढाकारानं बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, गाणाऱ्या बाईच्या नावानिशी. रोवणीच्या गाण्यांचंही तसंच व्हायला हवं. मशीन आणि कंत्राटी टोळ्या आल्या की ही गाणी आधी जातात, आणि ती ज्यांना येतात त्या आज्या आता सत्तरीच्या पुढे आहेत.

म्हणून या हंगामात आपापल्या गावी काही गोष्टी मागू या. मंडईच्या मांडवात बायांना बसायला पुरेशी जागा, उजेड आणि जवळ शौचालय असावं. शौचालय नाही म्हणून रात्री लवकर उठणाऱ्या बाया आजही आहेत. कार्यक्रमात बायांच्या भजन मंडळाला, दंडारीला एक तरी वेळ मिळावी, तीही दुपारच्या रिकाम्या मांडवात नव्हे. पुरुष मंडळाला जेवढं मानधन, तेवढंच त्यांना. बाहेरगावाहून येणाऱ्या नट्यांसाठी कपडे बदलायला कडी लागणारी खोली हवी. आणि आयोजकांना हे ठाऊक असावं, की २०१३ च्या कायद्यानं कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. रंगमंचही कुणाच्या तरी कामाची जागा आहे. यांतल्या बऱ्याच गोष्टींना फार पैसा लागत नाही. ग्रामसभेत चार बायांनी उठून बोलावं लागतं.

आणि एक विनंती. तुमच्या आईला, सासूला, शेजारच्या आजीला येत असलेलं रोवणीचं, भुलाबाईचं, विहारातलं एखादं गाणं लिहून किंवा रेकॉर्ड करून आमच्याकडे पाठवा. गाणारीचं नाव तिच्या संमतीनं जरूर लिहा, आणि ते गाणं ती कुठे, कुणासमोर गायची, तेही कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.

यंदा मंडईला जाल तेव्हा चौघी-पाचजणी मिळून जा, आणि नाटक संपेपर्यंत बसा.

– संपादक मंडळासाठी