तारणाची खात्री आणि रमाबाईंचे अर्धे चरित्र

पंडिता रमाबाईंवर आमच्या सीमाभागातील व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते. शारदासदन, विधवांचे शिक्षण, दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुली, सारे काही सांगितले जाते. मात्र बाईंच्या श्रद्धेचा विषय आला की वक्ते घसा खाकरून पुढे सरकतात. खासगीत विचारावे, तर उत्तर तयार असते: आपले तारण झालेच आहे, आता आपल्यावर दंडाज्ञा नाही, असे मानणारा माणूस कष्ट कशाला करील? ही तर फुकटची मुक्ती!

केले कर्म भोगावेच लागते, हे आमच्याही घरचे बाळकडू आहे. आम्ही ख्रिस्ती नाही. तरीही हा आक्षेप आम्हांला साफ चुकीचा वाटतो. तो नवाही नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने तो स्वतःच उपस्थित करून फेटाळला, आणि मगच आठव्याच्या आरंभी ख्रिस्तात असणाऱ्यावरचा निवाडा उठल्याचे सांगितले.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळचा. स्त्रीजात मुळातच वाईट आणि तिला पुरुषासारखा मोक्ष नाही, या दोन बाबींवर शास्त्रांचे एकमत आहे, असे या संस्कृतज्ञ विदुषीच्या ध्यानी आले होते. म्हणजे निवाडा जन्माआधीच लागलेला! १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यानंतरची आठेक वर्षे आपण ख्रिस्ती धर्माच्या आत असूनही ख्रिस्तापर्यंत पोचलो नव्हतो, अशी कबुली त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत दिली आहे. खात्री लाभली ती त्यानंतर. मग बाई स्वस्थ बसल्या काय? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या. केडगावच्या संस्थेला नाव दिले 'मुक्ती', आणि समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांच्या आश्रयस्थानाला 'कृपासदन'. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी गेली, तरी मूळ हिब्रू व ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या; ग्रंथ १९२४ साली निघाला.

सरकारी नोकरीत आम्ही विभागीय चौकशी प्रलंबित असलेली माणसे वर्षानुवर्षे पाहिली. ती सही करायला धजत नाहीत; प्रत्येक टिपणीत आधी स्वतःच्या बचावाची तरतूद करतात. चौकशी मिटल्याचा आदेश हाती पडला की तोच माणूस लोकांच्या कामाला मोकळा होतो. उपमेला मर्यादा आहे, हे मान्य. तारणात निर्दोषत्व सिद्ध होत नाही, अपराध्याला क्षमा मिळते. परंतु त्यामुळे कृतज्ञता वाढेल की आळस?

हा वाद केवळ पोथीतला नाही. निपाणी, संकेश्वर, सौंदत्ती या पट्ट्यात केसांत जट आली की यल्लम्माचे बोलावणे आले, असे मानून कित्येक मुली देवीला सोडल्या गेल्या. १९८२ च्या कर्नाटक देवदासी समर्पण प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा ठरवला. सोडणाऱ्याला शिक्षा कायदा देऊ शकतो. पण जट कापली तर देवी कोपेल, ही त्या बाईच्या काळजातली धास्ती कोणत्या कलमाने जाणार? त्या साऱ्यांनी ख्रिस्ती व्हावे, असे आम्ही म्हणत नाही. 'तुझ्यावर कसलाही ठपका उरलेला नाही' हे शब्द अशा बाईला ऐकू येणे म्हणजे काय, एवढे तरी आमच्या विद्वानांनी समजून घ्यावे. ज्यांना आयुष्यात कोणी दोषी ठरवले नाही, त्यांनाच ही मुक्ती फुकटची वाटते.

तेव्हा रमाबाईंची जयंती करावयाची तर पुरी करावी. त्यांचे काम घेऊन त्यांची खात्री वगळणे म्हणजे विहिरीचे पाणी पिऊन झरा नाकारणे होय.