मंत्र्याचे कागद आणि मुळशीचे पाणी

राजकीय पुरुषाच्या आत्मपर लेखनाचे काय करावयाचे, हा प्रश्न मराठी समीक्षेने सोडविलेला नाही, टाळलेला आहे. कवीचे आत्मचरित्र हाती आले की आपण त्यातील निवेदक, प्रतिमासृष्टी, मौनाच्या जागा यांची चिकित्सा करतो. मंत्र्याचे आत्मचरित्र आले की ते मुकाट्याने इतिहासकाराच्या दारी नेऊन ठेवतो आणि ‘हे साधन आहे, साहित्य नव्हे’ असे म्हणून हात झटकतो. इतिहासकार त्यातील तारखा व भेटीगाठी टिपून घेतो आणि भाषा टरफलासारखी फेकून देतो. या श्रमविभागणीत दोघांचीही सोय होते; पण ते लेखन न वाचलेलेच राहते.

काकासाहेब तथा न. वि. गाडगीळ (1896–1966) यांचे उदाहरण या संदर्भात तपासण्याजोगे आहे. 1920 मध्ये कायद्याची पदवी घेऊन ते काँग्रेसमध्ये आले. 1921 ते 1925 या काळात ते पुणे जिल्हा काँग्रेसचे चिटणीस होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज ही खाती त्यांच्याकडे आली. 1958 ते 1962 ते पंजाबचे राज्यपाल होते. ‘पथिक’ हे आत्मचरित्र आणि ‘शिखांचा इतिहास’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला. म्हणजे मंत्री, आत्मचरित्रकार व इतिहासकार या तिन्ही भूमिका एकाच लेखणीत एकवटल्या. आपल्या वाङ्मयेतिहासांनी मात्र ग्रंथनामांची यादी देऊन त्यांची बोळवण केली.

आता या चरित्राची दोन टोके एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पन्नासाहून अधिक गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती आणि वीज मुंबईला मिळणार होती. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. पुणे जिल्ह्याच्या काँग्रेसचे चिटणीसपद या वर्षांत ज्या तरुण वकिलाकडे होते, तोच 1947 नंतर देशाचा वीजमंत्री झाला आणि भाक्रा, हिराकूड यांसारख्या प्रकल्पांच्या आरंभकाळात त्या खात्याचा धनी राहिला. यात व्यक्तिगत अप्रामाणिकपणा शोधणे उथळपणाचे ठरेल. हा अंतर्विरोध एका माणसाचा नाही. विरोधातून सत्तेकडे गेलेल्या एका संपूर्ण पिढीचा आहे. म्हणूनच तो वाचला पाहिजे. मुळशीचा उल्लेख किती ओळींत येतो हे मोजणे ही गणना झाली. त्या ओळी लिहिणारा ‘मी’ 1921चा की मंत्रिपद भोगून झाल्यानंतरचा, आणि दुसरा पहिल्याच्या तोंडी कोणते शब्द घालतो, हे विचारणे ही समीक्षा होय.

‘पथिक’ या शीर्षकापासूनच वाचनाला आरंभ करता येईल. पथिक म्हणजे वाटसरू. त्याला मुक्काम असतात, पण मालकी नसते. वाट त्याने आखलेली नसते, त्यामुळे वाटेत जे घडले त्याचा जाब त्याला विचारता येत नाही. सत्तेच्या स्थानी राहिलेल्या माणसाला ही प्रतिमा किती सोयीची आहे! रस्ते व धरणे यांच्या आज्ञा ज्याच्या सहीने निघाल्या, तो स्वतःला वाटसरू म्हणवितो. आणि जे खरोखरच वाटेला लागले, त्या विस्थापितांना मराठीत ‘पथिक’ कुणी म्हणत नाही, ‘धरणग्रस्त’ म्हणतात. येथे रूपक अलंकार राहत नाही. ते उत्तरदायित्वाची वाटणी करते. इतिहासकाराने टरफल म्हणून फेकले ते हेच.

यावर इतिहासकार म्हणेल की आत्मचरित्र बाजूला ठेवा, खासगी कागद पाहा. कागद खोटे बोलत नाहीत. ही श्रद्धा राजवाड्यांच्या वारशातून आली आहे. 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढून त्यांनी बखरीपेक्षा अस्सल पत्राचे मोल अधिक मानले, ते त्या काळी युक्तच होते. 1750 ते 1761 मधील पत्रलेखकाला आपला कागद छापला जाईल अशी शंकाही नव्हती. विसाव्या शतकातील मंत्र्याची स्थिती वेगळी आहे. आपले कागद संग्रहालयात जाणार, हे त्याला ठाऊक असते. तो पत्राची प्रत ठेवतो, किंवा ठेवीत नाही. टिपण जपतो, किंवा फाडतो. अशा माणसाचे खासगी कागद हे भावी वाचकाला उद्देशून रचलेले वाङ्मय असते, मग त्यावर ‘खासगी’ असा शिक्का असो. आणि लेखकाच्या पश्चात त्यावर आणखी हात फिरतात. गाडगीळांचे ‘गव्हर्न्मेंट फ्रॉम इनसाइड’ हे इंग्रजी पुस्तक 1968 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाले, हे त्याचे अवतरण देणाऱ्यांनी विसरू नये.

येथे नाना फडणिसांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्यांचे त्रोटक आत्मकथन बालपण, देवभक्ती, विषयवासनेची कबुली आणि पानिपतावरील जीवघेणी धावपळ सांगते आणि तेथून थोड्याच अंतरावर थांबते. सत्ता हाती आली आणि ‘मी’ अबोल झाला. पुढे बोलले ते दप्तर. आधुनिक मंत्र्याच्या बाबतीत क्रम उलटला आहे: सत्ता गेल्यावर ‘मी’ बोलू लागतो, आणि तो दप्तराच्याच भाषेत बोलतो. एकाच गद्यप्रकाराने दोन शतकांत घेतलेले हे वळण समीक्षेचा विषय नसेल, तर समीक्षेचा विषय कोणता?

इतिहासलेखनालाही हाच प्रश्न लागू आहे. गाडगीळ राज्यपाल असताना पंजाबी सुभ्याचे आंदोलन पेटलेले होते; 1961 मध्ये मास्टर तारासिंगांचे उपोषण झाले. त्या राजभवनात राहिलेला लेखक मराठी वाचकासाठी शिखांचा इतिहास लिहितो, तेव्हा तेथील ‘आपण’ कोण आणि ‘ते’ कोण, हे सर्वनामांच्या पातळीवर तपासल्याशिवाय त्या ग्रंथाचे मूल्यमापन संभवत नाही.

मात्र दुसऱ्या बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. सर्वच संहिता आहे, वास्तव हा भाषेचा परिणाम आहे, असे मानणारा एक नवशिक्षित संप्रदाय आपल्याकडे रुजला आहे. त्याच्या हाती मंत्र्याचे कागद दिले तर तो मौनांच्या जागा कुशलतेने दाखवील आणि त्यातच रमेल. पण मुळशीचे पाणी संहिता नाही. ते घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जाते, आणि त्याखाली शेते आहेत. वि. म. भुस्कुट्यांनी सत्याग्रहाची हकीकत लिहिली. राजेंद्र व्होरा यांनी पुण्यातील सावकार-जमीनदार आणि प्रत्यक्ष कसणारे मावळे यांचे हितसंबंध एक नव्हते, हे दाखवून दिले. म्हणजे मंत्र्याच्या मौनासमोर ठेवावयास दुसरे कागद आहेत. त्यांची भाषा अर्जाची, कबुलीजबाबाची, निशाणी अंगठ्याची आहे, एवढ्यासाठी ती समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवणे हा जुनाच सोवळेपणा आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. राजकीय आत्मचरित्रांच्या चिकित्सक आवृत्त्या निघाव्यात. त्यांत मुद्रित पाठाशेजारी पत्रे व टिपणे असावीत, आणि त्याच काळातील अर्ज व जबान्याही असाव्यात. राजधानीतल्या संग्रहालयात जपलेला कागद आणि पौडच्या कचेरीत उमटलेला अंगठा एकाच पृष्ठावर आल्याशिवाय त्या ‘मी’चा अर्थ लागणार नाही. सही करणाऱ्याला आपण लेखक म्हणतो. अंगठा देणाऱ्यालाही त्याच मजकुराचा सहलेखक मानण्याची तयारी मराठी समीक्षेने दाखवावी. नाहीतर आपण वाङ्मयाची नव्हे, अधिकारपदांची समीक्षा करीत आहोत, हे एकदाचे मान्य करावे.