कोपऱ्यातली सही

परवा दुपारी शेजारच्या सूनबाई टॅरोच्या पत्त्यांचा जोड घेऊन आल्या. "काकू, भविष्य बघू या?" भविष्याचं राहू द्या, मी चित्रंच बघत बसले!

हा जोड लंडनला १९०९ साली निघाला. सगळी ७८ चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. पण जोडाला नाव पडलं प्रकाशक रायडर आणि चित्रांची कल्पना देणारे वेट यांचं. बाईंच्या वाट्याला थोडकासा मोबदला आणि चित्राच्या कोपऱ्यातली इवलीशी सही. १९५१ साली त्या वारल्या, तेव्हा डोक्यावर देणं होतं. जोड मात्र जगभर खपतोच आहे. त्याच्या नावात 'स्मिथ' लागलं ते फार उशिरा.

पुढे १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात व्हिकी नोबल आणि कॅरन व्होगेल या दोघींनी 'मदरपीस' हा जोड करायला घेतला. पत्ते आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांसारखे गोल. राणीच्या जागी पुजारीण आली, हुजऱ्याच्या जागी चक्क 'कन्या'! चित्रांत देशोदेशीच्या, वेगवेगळ्या वर्णांच्या बायका आणि देव्या. चित्र काढणारा हात बदलला की चित्रातली माणसंही बदलतात, ती अशी.

सूनबाईंना विचारलं, "नणंदेच्या रुखवतासाठी एवढी चादर भरलीत, तिच्यावर नाव घातलंत का?"

"घरच्याच कामावर कसलं नाव, काकू?"

मैत्रिणींनो, कोपऱ्यात का होईना, सुईनं दोन अक्षरं घालाच.